अलास्काची क्रूझ आणि वयस्कर आई-वडील: केबिन निवडण्याआधी काय पाहावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कॅलिफोर्नियात एच-१बी व्हिसावर नोकरी करता. जुलैमध्ये सांगलीहून आई-बाबा येत आहेत आणि सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी सात रात्रींची अलास्काची क्रूझ त्यांना घडवावी, असा तुमचा विचार आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांना इन्सुलिन चालू आहे. आई ६९ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि घाटात त्यांना गाडी लागते. आईंना बोट लागू नये म्हणून कोणती केबिन घ्यावी आणि बाल्कनीसाठी जादा पैसे मोजावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. सतरा वर्षे प्रवासी जहाजांवर नोकरी केली आणि त्यांतले शेवटचे आठ उन्हाळे अलास्काच्या फेऱ्यांवर, प्रवासी आपल्या अडचणी घेऊन जिथे येतात त्या काउंटरवर काढले. केबिनचे उत्तर पुढे देतोच. पण केबिन चुकली म्हणून हवालदिल झालेले कुटुंब त्या काउंटरवर मला फारसे भेटले नाही. जी माणसे खरोखर अडकली, ती एखादा कागद राहिल्याने, औषधे भलत्या बॅगेत गेल्याने किंवा विम्यातली एक ओळ न वाचल्याने अडकली. जमिनीवर अशी चूक तासाभरात निस्तरता येते. जहाजाचे दोर सुटले की निस्तरता येत नाही. म्हणून क्रम थोडा बदलतो आणि आधी व्हिसाबद्दल लिहितो.

सिएटल ते सिएटल अशी फेरी पाहून हा सगळा प्रवास अमेरिकेतच होतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना परत अमेरिकेतच आणून उतरवता येत नाही. अलास्काला जाणारी जवळजवळ सगळी मोठी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली आहेत. त्यामुळे सिएटलच्या फेरीत कॅनडातले एखादे बंदर घ्यावेच लागते आणि ते बहुधा व्हिक्टोरिया असते, जिथे जहाज बऱ्याचदा शेवटच्या संध्याकाळी काही तास थांबते. तेवढ्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला कॅनडाचा व्हिसा लागतो, मग ती व्यक्ती व्हिक्टोरियाला खाली उतरो वा न उतरो. पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी त्यावर भागत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना हा व्हिसा लागत नाही. तुम्ही एच-१बीवर आहात, म्हणजे तो आई-बाबांइतकाच तुम्हालाही लागणार.

एकदा सिएटलच्या धक्क्यावर तपासणीच्या रांगेत मदतीला उभा असताना माझ्यासमोर असे एक मराठी कुटुंब आले. मुलगा आणि सून ग्रीन कार्डवाले होते, त्यामुळे त्यांचे कागद चोख होते; आई-वडिलांच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा नव्हता. तिकीट काढून देणाऱ्याने त्यांना सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. आजींच्या गळ्यात प्रवासाचे ओळखपत्र अडकवलेले होते, हातात खाकऱ्याच्या पाकिटांची पिशवी होती, आणि आपल्यामुळे सगळ्यांचे जाणे रद्द होत आहे हे कळल्यावर त्या "तुम्ही जा, आम्ही हॉटेलात राहतो" असे मुलाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. शेवटी चौघेही परत गेले. पैसे मिळाले नाहीत, कारण कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची असते, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलेच असते. तो चेहरा मी विसरलेलो नाही आणि म्हणून प्रत्येकाला हे सगळ्यात आधी सांगतो.

आई-बाबा अजून भारतात असतील तर त्यांचा कॅनडाचा अर्ज तिथूनच, आजच्या आज सुरू करा. बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि मंजुरीनंतर पासपोर्ट पाठवावा लागतो. या दोन्ही गोष्टी घरून करणे त्यांना सोपे जाईल. तुमच्या स्वतःच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची आहे. तुमच्या पासपोर्टवरचा एच-१बीचा शिक्का चालू आहे की संपला आहे, ते पाहा. संपला असेल तर कॅनडाच्या छोट्या फेरीनंतर परत येण्याची एक सवलत आहे, पण तिला अटी आहेत, आणि त्या तुम्हाला लागू होतात का हे बुकिंगच्या आधी कंपनीच्या वकिलाला विचारलेले बरे.

कॅनडाचा व्हिसा काढायचाच आहे, तर आईंच्या बोट लागण्याच्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहता येते. सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून उत्तरेला जातात. कॅनडातल्याच व्हँकूव्हर शहरातून निघणारी जहाजे साधारणपणे बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या, दोन्हीकडून डोंगरांनी आडोसा दिलेल्या पाण्यातून जातात. वेंगुर्ल्याच्या खाडीतली होडी आणि खाडीच्या मुखाबाहेर गेलेली होडी यांत जो फरक असतो, तोच इथे मोठ्या प्रमाणावर अनुभवाला येतो. व्हँकूव्हरच्या मार्गावरही मध्ये काही तास उघडे पाणी लागते, पण पहिला संपूर्ण दिवस त्यात जात नाही. विमानाचे भाडे आणि तारखा जमत असतील तर तुमच्या कुटुंबासाठी मी व्हँकूव्हरहून निघणारी फेरी निवडली असती.

सिएटलच पक्के असेल तरी घाबरण्याचे कारण नाही. जुलैत तो समुद्र मे किंवा सप्टेंबरपेक्षा बहुधा शांत असतो, आणि खरा त्रास जाताना एक दिवस-रात्र आणि येताना तेवढाच संभवतो. मधले दिवस अलास्काच्या आतल्या पाण्यात जातात, जिथे जहाज चालले आहे हेसुद्धा पुष्कळदा खिडकीतून पाहिल्यावरच कळते. अर्थात त्या आठवड्यात वारा कसा असेल, हे कोणीही आधी सांगू शकत नाही.

आता केबिनबद्दल. जहाज लांबीच्या मध्याभोवती सी-सॉच्या फळीसारखे वरखाली होते आणि जितके उंच जावे तितके ते बाजूला जास्त डुलते. म्हणून लांबीच्या मध्यावरची, खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची केबिन घ्यावी. अगदी पुढची आणि अगदी वरची, महाग असली तरी, टाळावी. बाजूचे डुलणे कमी करण्यासाठी मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना कल्ल्यांसारखे पंख असतात, पण पुढून येणाऱ्या लाटेवर नाक वर जाऊन खाली येते, त्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. आईंच्या गुडघ्यांसाठी केबिन लिफ्टपासून जवळ असू द्या. या जहाजांची लांबी तीनशे मीटरच्या आसपास असते आणि केबिनपासून जेवणघरापर्यंतचे चालणे दिवसातून सहा-सात वेळा होते. पहिल्याच दिवशी गुडघे धरले तर पुढचे बंदर केबिनमध्येच जाते.

बाल्कनीला माझे उत्तर, परवडत असेल तर, हो असे आहे. एरवी मी बाल्कनीसाठी आग्रह करत नाही, पण अलास्काचे मुख्य देखणेपण जहाज चालू असतानाच दिसते आणि वरच्या डेकवर त्या वेळी गारठा, वारा आणि कठड्याशी गर्दी असते. बाबांना शाल पांघरून, खुर्चीत बसून हिमनदी पाहता येईल आणि वाटले की दोन पावलांवर आत जाता येईल. डावी बाजू घ्यावी की उजवी, याची चिंता करू नका. हिमनदीसमोर कप्तान जहाज सावकाश फिरवतो आणि दोन्ही बाजूंना तोंड मिळते.

बोट लागण्यावरची औषधे मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. अमेरिकेत मेक्लिझीन औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते आणि आपल्याकडचे लोक अ‍ॅव्होमिन सोबत आणतात. दोन्हींनी झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी तर वयस्कर माणसांना गोंधळात टाकू शकते. काचबिंदू असेल किंवा पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असेल, तर ही औषधे अडचणीची ठरू शकतात, आणि ७४व्या वर्षी हा प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय राहू नये. औषध ठरले तर ते त्रास सुरू होण्याच्या आधी, तासभर तरी, घ्यायचे असते. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. त्याच्या जोडीला आलेपाक, कोरडी बिस्किटे, रिकाम्या पोटी न राहणे आणि खालच्या मजल्यावर मधोमध बसून दूर क्षितिजाकडे पाहणे, एवढे साधे उपाय पुष्कळांना पुरतात.

गोळीने येणाऱ्या गुंगीचा संबंध आणखी एका गोष्टीशी आहे. केबिनच्या न्हाणीघराला बऱ्याचदा उंचवटा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला, वीतभर नसला तरी पाऊल अडकेल एवढा. घरच्या उंबरठ्याला पाय सरावलेले असतात. इथे रात्री अडीचला, अनोळखी अंधारात, हलत्या जमिनीवर तोच उंचवटा घात करतो. त्यामुळे रात्री न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवावे आणि पहिल्या दिवशी दिवसाउजेडी आई-बाबांना दोन-तीनदा तिथून ये-जा करायला लावावी.

बाबांच्या इन्सुलिनकडे येतो. सिएटलला तुम्ही मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालांच्या हवाली करता आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळी, कधी रात्री जेवणानंतर पोहोचतात. एका फेरीत एक आजोबा संध्याकाळी सहाच्या सुमारास काउंटरवर आले. त्यांची सगळी औषधे निळ्या, कडीला लाल नाडी बांधलेल्या बॅगेत होती. खाली काही हजार बॅगा रचलेल्या होत्या, त्यांत निळ्या शेकड्यांनी, आणि लाल नाड्याही कमी नव्हत्या. ती सापडेपर्यंत साडेनऊ वाजले. त्यांची जेवणाआधीची मात्रा गेली आणि त्या रात्री त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. म्हणून इन्सुलिन, सुया, साखर तपासण्याचे यंत्र, सगळ्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, चष्मा आणि पासपोर्ट हे सगळे खांद्यावरच्या पिशवीतच राहिले पाहिजे. सात दिवसांचे नव्हे, दोन आठवड्यांचे औषध घ्या. जुनो ही अलास्काची राजधानी असूनही तिथे रस्त्याने जाता येत नाही. अशा गावात तुमच्याच कंपनीचे इन्सुलिन त्याच दिवशी मिळेल, असे गृहीत धरू नका.

केबिनमधला छोटा फ्रिज हा बऱ्याच जहाजांवर नुसता गारवा देणारा खण असतो. न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश लागतात, म्हणून निदान महिनाभर आधी कंपनीला लिहून औषधांसाठीचा फ्रिज मागून घ्या. नसेल तर जहाजाच्या दवाखान्यात ठेवता येते. बर्फाच्या बादलीत पेन थेट ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. वापरलेल्या सुयांसाठी डबाही मागितला की मिळतो. आणि बाबा जहाजावर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त चालतील, त्याने साखर एकदम उतरू शकते, तेव्हा त्यांच्या खिशात साखरेच्या पुड्या असू द्या.

जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि सुसज्ज छोटा दवाखाना असतो, पण तो विनामूल्य नसतो. खर्च तुमच्या खात्यावर लागतो आणि तो विम्यातून नंतर मागावा लागतो. आई-बाबांसाठी अमेरिकेत घेतलेला पाहुण्यांचा विमा जहाजावर आणि कॅनडाच्या हद्दीत लागू आहे का, आधीपासूनच्या मधुमेहाला कितपत लागू आहे, आणि हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे फोनवर नव्हे, लेखी मिळवा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण गंभीर रुग्णाला अलास्कातून पुष्कळदा सिएटललाच हलवतात.

बंदरांपैकी गुडघ्यांना सगळ्यात मानवणारे स्कॅगवे आहे. १८९८ ते १९०० या काळात, सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी बांधलेली व्हाइट पासची अरुंद रेल्वे तिथून सुटते. ती तीन फुटी रुळांवरून जवळजवळ ८७० मीटर चढते आणि आपल्या माथेरानच्या गाडीची आठवण येईल अशा कड्यांवरून वळणे घेते. तीन तासांच्या आतबाहेर, खुर्चीतून न उठता. कॅनडाच्या आतवर जाणाऱ्या गाड्याही आहेत, त्यांना पासपोर्ट लागतो. जुनोला मेंडनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे, बसने जाता येते आणि समोरच्या सज्जातून दिसते. धबधब्यापर्यंतची पायवाट आईंनी सोडून द्यावी. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ कोकणाइतका, फक्त बारा महिन्यांत विखुरलेला. तिथे छत्री वाऱ्याने उलटते, टोपीचा रेनकोट घ्या. कपडे एकावर एक घालता येतील असे हवेत; जुलैत गावात दहा ते अठरा अंश असले तरी हिमनदीसमोर कानटोपी लागते. फेरीत ग्लेशियर बे हे हिमनद्यांचे राष्ट्रीय उद्यान असेल तर उत्तम. तिथे दिवसाला फक्त दोन मोठी जहाजे सोडतात आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात.

बंदरात उतरताना घड्याळाकडे लक्ष द्या. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे. जहाज कधी घड्याळ बदलते, कधी नाही, आणि फोन आपोआप गावाची वेळ दाखवू लागतो. जहाज जी वेळ पाळते ती मनगटी घड्याळात लावून बाबांच्या हाताला बांधा. परतीची वेळ सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबते किंवा पुढे पोहोचवण्याची सोय करते. बाहेरून परस्पर घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. बाहेरच्या सहली स्वस्त आणि पुष्कळदा चांगल्या असतात, पण वयस्कर माणसे बरोबर असताना मी पैशांपेक्षा ही खात्री विकत घेतली असती.

जेवणाबाबत तुम्ही विचारलेले नाही, तरी आई विचारतील. शाकाहार बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटून सांगा की सूपमध्ये कोंबडीचे पाणी, गोडात जिलेटिन आणि अंडे चालत नाही. नुसते शाकाहारी म्हटल्यावर ते समजेलच, असे नाही. स्वयंपाकघरात पुष्कळदा गोव्याची, कोकणची, केरळची मुले असतात. आदल्या रात्री सांगितले तर वरण-भात, भाजी मिळणे मुळीच अवघड नाही, आणि एकादशी असेल तर उकडलेले बटाटे, दही, फळे वेगळी काढून ठेवतात. पाकीटबंद खाकरा, चिवडा चालतो. घरून विजेची किटली आणू नका. आगीच्या भीतीने ती जप्त होते आणि शेवटच्या दिवशी परत मिळते. फळे किंवा उघडे खाणे जहाजावरून किनाऱ्यावर नेऊ नका.

हात साबणाने आणि पाण्याने धुवायला सांगा. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरत नाही. कोणाला त्रास झालाच तर लपवू नका. दवाखाना दोन दिवस केबिनमध्ये बसवतो हे खरे, पण मधुमेही माणसाचे पाणी कमी झाले तर गोष्ट लवकर हाताबाहेर जाते. फोन पूर्ण वेळ एअरप्लेन मोडवर ठेवून जहाजाचे वायफाय वापरा, कारण समुद्रावरचे उपग्रहाचे नेटवर्क आपोआप जोडले जाऊन मोठे बिल येते. माणशी दिवसाला ठरावीक सेवा शुल्क खात्यावर लागते. ते काउंटरवर जाऊन कमी करून घेता येते, पण कृपया करू नका. केबिन आवरणाऱ्या मुलांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो.

निघण्याआधीची सुरक्षेची कवायत गांभीर्याने करा. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे जहाज कलंडले आणि ३२ जण गेले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर चित्रफीत पाहून आपल्या ठिकाणी हजेरी लावली की काम होते, पण आई-बाबांना तिथपर्यंत जिन्याने एकदा चालवत न्या. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे संकटाचा इशारा, हे मराठीत समजावून सांगा. आईंना जिने जमणार नसतील तर तसे पहिल्याच दिवशी काउंटरवर नोंदवा. संकटात कोणाच्या मदतीला माणूस पाठवायचा, याची यादी तिथे असते.

आणि शेवटच्या रात्रीची गोष्ट. व्हिक्टोरियाहून परतल्यावर मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या रातोरात खाली जातात आणि सकाळी सिएटलच्या धक्क्यावर मिळतात. दर आठवड्याला कोणी ना कोणी सकाळचे कपडे आणि औषधे त्यांतच बांधून मोकळे झालेले असते. बाबांची सकाळची मात्रा, आईंच्या गुडघ्याची गोळी, एक जोडी कपडे आणि सगळ्यांचे पासपोर्ट आदल्या संध्याकाळीच खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवा. इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर दाराच्या आतल्या कडीला एक चिठ्ठी अडकवा, म्हणजे निघताना ते मागे राहणार नाही.